घरातली दुसरी विहीर

(ग्रामविकासाच्या कामात असलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली एक रेल्वेगाडी लातूरच्या स्थानकात येऊन थांबली. तिच्या दहा वाघिणींमध्ये सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरचा लोहमार्ग तुडवून कृष्णाकाठचे पाणी मांजरेच्या खोऱ्यात आणण्याची वेळ महाराष्ट्रावर आली होती. पुढे कित्येक आठवडे ही गाडी येत-जात राहिली. तिची छायाचित्रे देशभर झळकली.

त्याच उन्हाळ्यात मराठवाड्याच्या घराघरांत आणखी एक गोष्ट घडत होती. तिचे छायाचित्र क्वचितच कोणी काढले. लेकराला घमेल्यात बसवून न्हाऊ घालायचे, ते पाणी जपून ठेवून त्यात धुणे भिजवायचे, धुण्याचे साबणाचे पाणी अंगणात शिंपडायचे आणि कपडे खळबळून काढलेले शेवटचे पाणी दारच्या लिंबाच्या झाडाला घालायचे, असा क्रम अनेक घरांतील गृहिणींनी लावून घेतला होता. एका घागरीकडून तीन-तीन कामे करून घेण्याची ही विद्या त्यांना कोणी शिकवली नव्हती. दोन मैलांवरून डोक्यावर आणलेले पाणी सांडून देण्याचे त्यांच्या जिवावर येत होते, एवढेच.

दुष्काळ सरला, पाऊस झाला, कित्येक गावांत नळही आले. त्याबरोबर ती विद्या विस्मरणात गेली. संकटात जे सुचले ते सुकाळात नित्याचा आचार म्हणून टिकवता येईल काय, हा या विषयाचा गाभा आहे. टंचाईच्या गावात प्रत्येक घराच्या न्हाणीमागे एक दुसरी विहीर असते. ती खोदावी लागत नाही आणि उन्हाळ्यात आटतही नाही. मात्र आज ती गटारात वाहून जाते.

गावाच्या पाण्याचा हिशेब

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट असावा. घरातून बाहेर पडणारे पाणी दोन प्रकारचे असते. शौचालयातून येते ते मैलापाणी. स्नान, धुणे, भांडी आणि स्वयंपाकघरातील मोरी यांचे येते ते सांडपाणी. मैलापाण्याची वाट पूर्णतः वेगळी हवी. त्याचा थेंबही सांडपाण्यात मिसळता कामा नये. या व्याख्यानाचा संबंध केवळ सांडपाण्याशी आहे.

आता हिशेब पाहू. ग्रामीण पाणीपुरवठ्याचे प्रमाण पूर्वी दर माणशी, दर दिवशी ४० लिटर धरले जात असे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने ते ५५ लिटर धरले. त्या वेळी देशातील सव्वातीन कोटींच्या आसपास ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. मायमाउल्यांच्या डोक्यावरची घागर उतरली, हे फार मोठे काम झाले. परंतु घागरीने पाणी येई तेव्हा सांडण्याजोगे फारसे काही उरतच नसे. नळाने पाणी येते तेव्हा त्यातील सुमारे दोनतृतीयांश भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. पाणी घरात आणण्याचा विचार झाला, त्या मानाने ते घरातून कोठे जाणार याचा विचार फार थोडा झाला.

पाच माणसांच्या घरात ५५ लिटरच्या हिशेबाने रोज २७५ लिटर पाणी येते. त्यातील सुमारे १८० लिटर सांडपाणी होते. गाव ३०० उंबऱ्यांचे असेल, तर रोजचे सांडपाणी ५४ हजार लिटर झाले. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे तर दररोज पाच टँकर भरून पाणी गावाबाहेर जाते. आणि कित्येकदा याच गावाच्या ग्रामसभेत उन्हाळ्यात टँकरच्या मागणीचा ठराव होतो! सांडपाण्याने पिण्याच्या टँकरची जागा भरून निघणार नाही, हे खरे. तथापि झाडे, परसबाग, अंगण यांसाठी जे चांगले पाणी खर्च होते, ते निश्चित वाचेल.

महाराष्ट्राला हा हिशेब इतरांपेक्षा अधिक लागू आहे. राज्याच्या भूमीचा सुमारे चारपंचमांश भाग बेसॉल्टच्या कातळाचा आहे. या खडकाच्या पोटात पाणी मावते ते भेगांत आणि झिजलेल्या मुरमाच्या थरात, म्हणजे फारच थोडे. पावसाळ्यात भरलेली विहीर फाल्गुन-चैत्रात तळ दाखवते, ती यामुळेच. ज्या भूमीची साठवण तोकडी, तेथे हाती आलेले पाणी दोनदा वापरणे हाच शहाणपणा होय.

गटार कोणाच्या दारात?

सांडपाण्याचा प्रश्न केवळ पाणी वाया जाण्याचा नाही. कोणत्याही गावात सकाळी नऊच्या सुमारास गल्लीगल्लीतून चालत जावे. घराच्या मोरीतून निघालेले पाणी रस्त्याच्या कडेने वाहते, कोठे खड्ड्यात साचते, कोठे शेजाऱ्याच्या भिंतीला लागते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील वितुष्टाचा उगम अनेकदा या एवढ्याशा ओहोळात सापडतो. पुढे हे ओहोळ एकत्र येऊन उताराच्या दिशेने जातात. उताराच्या टोकाला गावातील कोणाची वस्ती असते, हे गावाच्या कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही. वरच्या आळीने आपले अंगण स्वच्छ राखायचे आणि तिचे सांडपाणी खालच्या वस्तीने दाराशी सोसायचे, अशी ही रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. समरसतेचा उच्चार व्यासपीठावरून पुष्कळ होतो. तिची एक साधी कसोटी गावाच्या गटारापाशी आहे. ज्याचे पाणी त्याने आपल्याच अंगणात जिरवले, तर खालच्या वस्तीवरील एक जुना अन्याय कोणत्याही भाषणावाचून दूर होतो.

आरोग्याचाही विचार करावा लागतो. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचा डास वाढतो आणि तोच हत्तीरोगाचा प्रसार करतो. विदर्भातील जिल्ह्यांना या रोगाचे दुःख ठाऊक आहे. डेंग्यूचा डास मात्र साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे गटारे मिटवली म्हणजे सर्व डास संपले, असे मानून चालणार नाही. रांजण आणि टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्याच लागतील. काम करणाऱ्याने लोकांना अर्धे सत्य सांगू नये. सांगितले, तर पहिल्याच तापाच्या साथीत त्याच्या शब्दाची किंमत जाते.

गाडगेबाबा एखाद्या गावात गेले की प्रथम हाती खराटा घेत आणि मगच कीर्तनाला उभे राहत. सन २०००-०१ मध्ये त्यांच्याच नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि शेकडो गावांनी झाडू हाती घेतला. देहू येथे १९५९ पासून वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करणाऱ्या डॉ. मापुसकरांनी तर सारे आयुष्य ग्रामीण स्वच्छतेच्या शास्त्राला वाहिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. स्वच्छता हा या भूमीत केवळ सरकारी कार्यक्रम नव्हता, सेवाधर्म होता, याची ही उदाहरणे आहेत.

परसदारची जुनी व्यवस्था

ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना परसदार आठवत असेल. न्हाणीच्या मागे अळूचे वाफे, पलीकडे केळीचे दोन-चार खुंट, कडेला कर्दळ आणि थोड्या अंतरावर शेवगा किंवा कढीपत्ता. ही झाडे तेथे योगायोगाने लागलेली नव्हती. अळू, केळ आणि कर्दळ यांना भरपूर ओल लागते व ती सांडपाणी सुखाने पितात. भांडी राखेने आणि मातीने घासली जात, केस शिकेकाईने धुतले जात, त्यामुळे त्या पाण्याने मातीची फारशी हानीही होत नसे. आजच्या भाषेत ज्याला सांडपाण्याचा पुनर्वापर म्हणतात, तो आजीच्या परसदारी नित्य चालू होता.

पुढे घरे सिमेंटची झाली, अंगणात फरशी आली, परसदाराच्या जागी खोल्या निघाल्या. पाण्याला जिरायला माती उरली नाही, म्हणून गटार आले. त्यातच कपडे धुण्याची पूड आणि भांड्यांचा साबण आला. म्हणून जुन्या व्यवस्थेचे केवळ गोडवे गाऊन भागणार नाही. बदललेल्या पाण्यासाठी ती नव्याने उभारावी लागेल.

प्रथम झाड, मग खड्डा

ही उभारणी अवघड नाही. तिचे टप्पे मात्र क्रमाने व्हावे लागतात.

पहिला टप्पा मोरीच्या तोंडाशी. तेथे बारीक जाळी बसवावी, म्हणजे खरकटे आणि केस अडतील. दुसरा टप्पा गाळाच्या लहान टाकीचा. वीत-दीड वीत खोलीच्या या टाकीत पाणी क्षणभर थांबते. माती तळाशी बसते आणि तेलाचा तवंग वर राहतो. ही टाकी आठवड्यातून एकदा उपसावी लागते. साऱ्या व्यवस्थेचे आयुष्य या एका सवयीवर अवलंबून असते.

तिसरा टप्पा झाडांचा. खडी आणि वाळूने भरलेल्या उथळ चरात कर्दळ लावून पाणी त्यातून संथपणे जाऊ दिले, तर मुळांभोवती वाढणारे जिवाणू पाण्यातील घाण खातात आणि पलीकडे बरेच निवळलेले पाणी मिळते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, विकसित केलेले ‘फायटोरिड’ तंत्र याच तत्त्वावर चालते. जागा कमी असेल तर चर न करता गाळाच्या टाकीतून निघालेले पाणी सरळ केळ, पपई, शेवगा, लिंबू यांच्या आळ्यात सोडावे.

उन्हाळ्यात परसबागेला दर चौरस मीटरला दिवसाला सहा-सात लिटर पाणी लागते असे धरले, तर १८० लिटरमध्ये सुमारे २५ चौरस मीटर, म्हणजे अडीचशे चौरस फुटांहून थोडी अधिक बाग वैशाखातही हिरवी राहू शकते. ही बाग शोभेची नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता दर्शवणारा पंडुरोग आढळला. जिने पाणी वाहून आणले, तिच्याच ताटात त्या पाण्यावरचा शेवग्याचा पाला आणि पपईची फोड पडावी, यात औचित्य आहे.

झाडांनी पिऊन जे उरेल, त्यासाठी चौथा टप्पा, शोषखड्डा. साधारणतः चार फूट लांब, चार फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेऊन त्यात तळाशी मोठे दगड, वर मध्यम आणि सर्वांत वर लहान दगड भरतात. मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी ठेवून भोवती दगड रचले, तर गाळ टाकीतच बसतो आणि खड्डा लवकर तुंबत नाही. पावसाळ्यात झाडांना पाणी नको असते तेव्हा हाच खड्डा उपयोगी पडतो.

आजकाल गावोगाव शोषखड्ड्यांची उद्दिष्टे ठरतात आणि खड्ड्यांची संख्या मोजली जाते. ते काम चांगलेच आहे. परंतु टंचाईच्या गावात पाणी थेट खड्ड्यात घालणे म्हणजे आलेल्या पाहुण्याला जेवू न घालता निरोप देणे होय. क्रम लक्षात ठेवावा, प्रथम झाड, मग खड्डा.

जेथे सावध राहिले पाहिजे

काळ्या मातीत पाणी सहज मुरत नाही. ओली झाली की ती फुगते आणि वाट बंद होते. अशा ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खोल जावे लागते. ज्या गावात भूजल अगदी वर असते तेथे शोषखड्डा घेऊच नये. पाणी झाडांवरच खर्चावे. पिण्याच्या विहिरीपासून किंवा हातपंपापासून खड्डा किमान १५ मीटर दूर असावा. हे अंतर न पाळणे म्हणजे आपल्याच हाताने विहीर बिघडवणे.

सांडपाणी दिवसभराहून अधिक काळ साठवून ठेवू नये. त्याला दुर्गंधी सुटते आणि रोगजंतू वाढतात. ते फवाऱ्याने उडवू नये, मातीत मुळांशी द्यावे. कोथिंबीर, मुळा, कांदा अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते घालू नये. फळझाडे, चारा आणि शिजवून खायच्या भाज्या यांना द्यावे. तान्ह्या बाळाचे मळके कपडे आणि आजारी माणसाचे कपडे धुतलेले पाणी शौचालयाच्या वाटेने जावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सांडपाण्याच्या शेतीतील वापराविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांचा रोखही हाच आहे की पाणी वापरावे, परंतु माणूस आणि पाणी यांच्यामध्ये माती, अंतर आणि शिजवण्याची आच यांचे अडसर ठेवावेत.

साबणाच्या पुडीत सोडियमचे क्षार असतात. ते वर्षानुवर्षे एकाच जागी साचले, तर चिकण माती घट्ट होते आणि झाड पिवळे पडते. म्हणून साबण बेताने वापरावा, धुण्याचे पहिले फेसाळ पाणी झाडांना न घालता खड्ड्याकडे वळवावे, आळी आलटून-पालटून भिजवावीत आणि पावसाळ्यात ती पावसाने धुऊन निघू द्यावीत.

करून पाहिलेले प्रयोग

हे सारे कागदावरचे नाही. मध्य प्रदेशातील धार आणि झाबुआ हे वनवासीबहुल आणि पाण्याच्या टंचाईचे जिल्हे. तेथील आश्रमशाळांत शौचालये बांधली होती, पण त्यात ओतायला पाणी नव्हते. ज्या शौचालयात पाणी नाही ते बंद पडते, आणि मग त्याचा सर्वाधिक जाच मुलींना होतो. नीरी आणि युनिसेफ यांनी तेथे मुलांच्या स्नानाचे पाणी वेगळे घेऊन जाळी, गाळाची टाकी आणि दगड-वाळूच्या थरांचे गाळप अशा साध्या मार्गाने ते निवळले. तेच पाणी शौचालयांत आणि शाळेच्या बागेत वापरले गेले. या अनुभवावर आधारलेली मार्गदर्शिका २००७ मध्ये निघाली. स्नान तर रोजचे होतेच. त्याच पाण्याने शौचालय चालू राहिले आणि बागही वाढली.

दुसरे उदाहरण घरचे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारे मिटवली. पुढे जिल्हा परिषदेने रोजगार हमी योजनेची जोड देऊन ही रीत इतर गावांत नेली आणि ‘नांदेड पॅटर्न’ या नावाने तिचा लौकिक झाला. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की आधी एका गावाने केले आणि मग शासन मदतीला आले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची कथा पाणलोटाच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर आणि ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांवर बंधन घातले. पण त्या गावाची खरी शिकवण पाण्याच्या ताळेबंदात आहे. पाऊस किती पडला, पाणी किती आहे आणि ते कोणत्या कामाला द्यायचे, याचा हिशेब गाव एकत्र बसून मांडते. अशा ताळेबंदाच्या जमेच्या बाजूला सांडपाणी मांडण्याची प्रथा प्रत्येक गावात पडली पाहिजे.

कार्यकर्त्याचे काम

साधनांची वाण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवला होता आणि त्यात पाण्याच्या पुनर्वापराचाही समावेश होता. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातही सांडपाणी व्यवस्थापनाला स्थान मिळाले. उणीव आहे ती सवयीची. खड्डा शासनाच्या पैशाने होतो. गाळाची टाकी दर आठवड्याला उपसणे हे घरच्याच माणसाने करावे लागते. दोन-तीन वर्षांत तुंबून टाकून दिलेला शोषखड्डा पाहिला, की तेथे पैसा पोहोचला पण माणूस पोहोचला नाही, हे कळते. असा खड्डाही वाया गेलेला नसतो. दगड बाहेर काढून धुवावेत, काही दिवस खड्डा उन्हात वाळू द्यावा आणि पुन्हा भरावा, म्हणजे तो पूर्ववत काम करू लागतो.

म्हणून कामाचा आरंभ स्वतःच्या न्हाणीपासून व्हावा. कार्यकर्त्याच्या दारात गटार वाहत असताना त्याने ग्रामसभेत सांडपाण्यावर बोलू नये. एक पावसाळा आणि एक उन्हाळा आपल्या घरी ही व्यवस्था चालवावी, तिच्या अडचणी स्वतः सोसाव्यात. मग त्याच गल्लीतील पाच घरे घ्यावीत. शक्य तर यात उताराच्या टोकाचे एक घर अवश्य असावे आणि गल्लीचा विचार तेथून वर यावा. घरातील स्त्रीला विचारल्यावाचून मोरीची दिशा बदलू नये, कारण पाण्याचा सर्वांत अचूक हिशेब तिच्यापाशी असतो. बचत गटांच्या भगिनींनी रोपांची जबाबदारी घेतली, शाळेतील मुलांनी गाळाच्या टाक्यांची आठवड्याची पाहणी केली, तर हे काम गावाचे होते.

ज्यांना मोठी कामे करण्याची ओढ आहे त्यांना एका घराच्या मोरीत अडकून पडणे क्षुल्लक वाटेल. परंतु लातूरला आलेल्या त्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते आणि तीनशे उंबऱ्यांचे एक गाव नळाचे पाणी पुरेसे असताना दहा दिवसांत तेवढेच पाणी गटारात सोडते, हे विसरता येणार नाही. पुढचा दुष्काळ केव्हा येईल ते कोणाच्या हाती नाही. तो येईल तेव्हा गावातील बायाबापड्यांना घमेल्यातले पाणी जपण्याची वेळ नव्याने शिकावी लागू नये, दारची केळ आणि शेवगा तोवर उभे असावेत, एवढी तयारी मात्र प्रत्येक घराच्या हाती आहे.